काटा हलत नाही, मामा

पांढुर्णा आणि सौंसरच्या रस्त्यांवर पहाटे दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक, विशीच्या अलीकडची-पलीकडची पोरं-पोरी. फौज, पोलीस, काही तरी लागलं पाहिजे म्हणून धावणारी. दुसरी, पन्नाशीपुढची. डॉक्टरांनी ‘साखर निघाली’ म्हटल्यावर कानाला मफलर गुंडाळून चालणारी. मधल्या वयाचं माणूस सहसा दिसत नाही, ते मोटरसायकलवर असतं.

ज्या दोघांचं बोलणं इथे देतो आहे ते नात्याने मामा-भाची. मामा साठी ओलांडलेले, सौंसर तालुक्यातले संत्र्याचे बागायतदार. अंगाने किडकिडीत, पोट तेवढं पुढे आलेलं. भाची पांढुर्ण्याची, नागपुरात फिजिओथेरपी शिकलेली आणि रोज धावणारी. आंबिया बहराचा तोडा चालू होता. बांधावर क्रेट पालथे घालून आम्ही बसलो होतो आणि मामांच्या तळहातावर खर्रा घोटला जात होता. नावं देत नाही. दोघांनाही गावात राहायचं आहे.

मामा : तू येवढी धावते वं पोरी, मले एक सांग. वर्षभरात तुयं वजन किती उतरलं?

भाची : दोन किलो. त्यातलं दीड दिवाळीत परत आलं.

मामा : मंग झालं ना! येवढे बूट झिजवून अर्धा किलो. त्यापेक्षा घरी झोपली असती. आपला जामसावळीचा मारुतीच पाह्य. बलाचा देव, पन आडवा होऊन पडला हाय.

भाची : त्याने आधी समुद्र ओलांडला, मामा. मग आडवा झाला.

(जामसावळीची ती निजलेली मूर्ती पाहायला नागपूरपासून लोक येतात. आळसाचा दाखला म्हणून तिचा उपयोग करणारे मात्र मी पाहिलेले मामा पहिलेच.)

भाची : पण वजनाचं तुम्ही बोललात ते खोटं नाही. नुसतं धावून वजन फारसं उतरत नाही. हिशेब साधा आहे. एक किलोमीटर धावलं की शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी जाते. तुम्ही 64 किलोचे, म्हणजे किलोमीटरला 64. आणि अंगावरच्या एक किलो चरबीत 7,700 च्या आसपास कॅलरी असतात.

मामा : म्हंजे?

भाची : म्हणजे 120 किलोमीटर. पांढुर्ण्याहून धावत निघालात, तर नागपूर मागे टाकल्यावर कुठे एक किलो चरबी जळेल. त्यात सावनेरला थांबून तर्री घालून दोन आलूबोंडे खाल्लेत, तर सहा-सात किलोमीटर गेले पाण्यात.

मामा : मंग ते भिंतीवर लिहून असते, ‘एका महिन्यात दहा किलो कमी’, ते काय हाय?

भाची : भागाकार करून बघा. दहा किलो चरबी म्हणजे 77,000 कॅलरी. रोजच्या अडीच हजारांवर. तेवढं तर तुम्ही दिवसभरात खातही नसाल. महिन्यात जे उतरतं त्यात पाणी बरंच असतं, उपाशी राहिल्याने झडलेला स्नायूही असतो. आमच्याकडची भरतीची पोरं प्लास्टिकचं जॅकेट घालून धावतात. घाम गळतो, काट्यावर एक किलो कमी दिसतं. तांब्याभर पाणी प्यायलं की ते परत. चरबी घामातून वाहत नाही. मे महिन्यात आपल्याकडे असलं जॅकेट घालून धावणं म्हणजे उष्माघाताला निमंत्रण.

मामा : थांब. वावरात राबनाऱ्या बाया दिवसभर वाकून असतात. तरी त्यातल्या काही चांगल्या जाड हायेत. अन् मी बांधावर उभा रायतो, तं बारीक. मंग मेहनतीचा अन् वजनाचा संबंध काय रायला?

मामांचा हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. 1956 साली ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधल्या एका ताग गिरणीत नेमकं हेच तपासलं होतं. हमालापासून कारकुनापर्यंत प्रत्येकाचं काम, खाणं आणि वजन. अंगमेहनत जशी वाढत गेली तसं खाणंही वाढलं, वजन मात्र जवळपास तेवढंच राहिलं. शरीराने आपला जमाखर्च आपणच जुळवून घेतला. बिघाड दिसला तो दुसऱ्या टोकाला. जे बसून होते त्यांचं काम घटलं, पण भूक काही त्या मानाने घटली नाही. वजन त्यांचंच जास्त भरलं. 2012 साली हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकार आणि कंदमुळं यांवर जगणारी, रोज मैलोगणती चालणारी ही माणसं. पण शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च शहरी अमेरिकन माणसाएवढाच निघाला. मेहनत वाढली की शरीर दुसरीकडे कुठे तरी काटकसर करतं. वजनाचा मोठा कारभार ताटातून चालतो, पायांतून थोडा.

मामा : मंग मीच जितलो. कायले धावाचं?

भाची : तुम्ही काट्याचं धावण्याशी लग्न लावलंय, म्हणून असं वाटतं. ती दोन खाती वेगळी आहेत. लंडनच्या दुमजली बसची गोष्ट सांगते. 1953 साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या हृदयविकाराचा हिशेब छापला. घरची परिस्थिती सारखीच, नोकरी एकाच बसवर. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढतोय-उतरतोय, शेकडो पायऱ्या. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त.

मामा : ड्रायव्हर जाडे असतीन. जाडा मानूसच सीटवर बसाची नोकरी पकडते.

मी मनात म्हटलं, मामांनी बरोबर बोट ठेवलं. मॉरिसनाही हीच शंका आली होती. त्यांनी काय करावं? कंपनीच्या गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि पँटच्या कमरेची मापं पाहिली. ड्रायव्हरांच्या पँटी खरोखरच कमरेत मोठ्या होत्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्याही. म्हणजे जाड माणसं आधीपासूनच त्या सीटकडे वळत होती, हे काही प्रमाणात खरं. पण पुढे निघालं ते जास्त महत्त्वाचं. कंडक्टर बारीक असो, मध्यम असो की पोटाळू, त्याच मापाच्या ड्रायव्हरपेक्षा त्याला अचानक हृदय बंद पडून मरण येण्याचा धोका कमी होता. जिन्याने पँटचं माप बदललं नसेल, हृदय मात्र राखलं. व्यायामाचा फायदा वजनाच्या काट्यावरच मोजायचा, या खोडीने किती माणसं दोन महिन्यांत बूट माळ्यावर टाकतात! या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळी मामा-भाचीची करमणूक.

मामा : बरं, मायं वजन तं बरोबर हाय ना? डाक्टरनं चार्ट दाखवला, मी हिरव्या पट्ट्यात. मंग साखर मलेच कशी झाली? माया साडू नव्वद किलोचा हाय, त्याले काई नाही.

यावर भाचीने उत्तर दिलं नाही. क्रेट बांधायची सुतळी होती, त्यातला लांब तुकडा घेतला. मामांना उभं केलं. सुतळीचं एक टोक त्यांच्या टाचेखाली दाबून दुसरं डोक्यापर्यंत नेलं आणि तिथे गाठ मारली. मग सुतळी बरोबर मधोमध दुमडली आणि मामांच्या बंडीवरून पोटाभोवती, बेंबीच्या रेषेत फिरवली. मामांनी श्वास आत ओढला. “सोडा,” ती म्हणाली. त्यांनी सोडला. सुतळीची टोकं एकमेकांना भेटेनात. मधे सहा बोटं पोट उघडं राहिलं. तोडणाऱ्या बाया काम थांबवून हसत होत्या.

भाची : कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी पाहिजे. तुमची चांगली सहा बोटं जास्त आहे. टेपने मोजायचं तर आपल्याकडच्या पुरुषाची 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 च्या आत असावी असं सांगतात. वजनाचा काटा हे सांगत नाही. हातापायावर मास नाही आणि पोटात चरबी, दोन्हींची बेरीज 64 किलो. काट्याला काय कळतं कुठे काय आहे ते!

इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची आठवण काढायलाच हवी. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो दोघांचाही 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये 1993 पासून गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. तिथे हा प्रकार जन्मापासूनच दिसला. आपलं बाळ सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडचं साडेतीन. कमी पडतो तो स्नायू. चरबी मात्र आपलं बाळ बऱ्यापैकी राखून असतं. म्हणून तर भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा 25 वरून 23 वर आणली गेली. मामांचा बीएमआय 22 आणि 23 च्या मधला, हिरव्या पट्ट्याच्या काठावरचा. बारीक माणसाला व्यायामाची गरज नाही, हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे, असं माझं मत आहे.

मामा : (सुतळी खिशात घालत) मंग पोटाचा व्यायाम सांग. उठक-बैठक, ते लोळून करतात ते. पोटावरची चरबी तेवढी काढून टाक.

भाची : तशी काढता येत नाही. टेनिस खेळणाऱ्यांचा उजवा हात वर्षानुवर्षं डाव्यापेक्षा कितीतरी जास्त चालतो. 1971 साली दोन्ही हातांवरची चरबी मोजली; दोन्हीकडे सारखी. स्नायू जाड झाला, वरची चरबी जिथल्या तिथे. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू मजबूत होतील, ते चांगलंच. पण चरबी कुठून आधी काढायची ते शरीर ठरवतं.

मामा : अन् मेहनत? मी शेतकरी मानूस हाव. मले वेगळा व्यायाम कायले पाह्यजे?

भाची : तुम्ही शेतकरी होतात. आता मोटर मोबाइलवर चालू होते, फवारणी ट्रॅक्टरने, निंदण बाया करतात. वावरात जाता गाडीवर. राबणारं शेत तुमच्या वडिलांचं होतं.

मामा काही बोलले नाहीत. खर्ऱ्याची पुडी उघडली आणि पुन्हा बंद केली.

मामा : गुडघे जातात धावल्यानं. हे तं मानशीन?

भाची : नाही मानणार. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज यांनी 1984 पासून पन्नाशीपुढच्या धावणाऱ्यांवर आणि न धावणाऱ्यांवर लक्ष ठेवलं. 19 वर्षांनी न धावणाऱ्यांतले 34 टक्के गेलेले होते, धावणाऱ्यांतले 15 टक्के. गुडघ्यांचे एक्स-रेही काढले. धावणाऱ्यांचे जास्त झिजलेले निघाले नाहीत.

मामा : ज्याचे गुडघे चांगले तोच धावते ना वं! दुखनारा आधीच घरी बसते.

भाची : खरं आहे, म्हणून एका अभ्यासावर कोणी थांबत नाही. 2017 साली बऱ्याच अभ्यासांची बेरीज झाली. हौसेने धावणाऱ्यांत गुडघा-खुब्याची संधिवाताची झीज 3.5 टक्के, बसून राहणाऱ्यांत 10.2. आणि स्पर्धेसाठी जीव तोडून धावणाऱ्यांत 13.3. म्हणजे तुमची भीती अगदीच खोटी नाही, पण ती भरतीच्या पोरांना लागू आहे. शेवटच्या दोन महिन्यांत एकदम डांबरावर रोज दहा-दहा किलोमीटर. नडगी दुखते, तशीच पळतात. शेवटी हाडाला चीर.

मामा : हे तं बहर धरन्यासारखं झालं. बागेले ताण द्या लागते. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी असली तं दीड-दोन महिने. पानं जराशी मलूल झाली की मंग हळूहळू ओलीत. ताणच नाही देला तं फूल येत नाही. अन् जास्त देला तं झाड वाळते. नव्या शेतकऱ्याले तेच समजत नाही, लालचीनं ताण लांबवते.

भाची : मामा, हे मी कॉलेजात चार वर्षं शिकले.

यापुढे तिने त्यांना शिकवायचं फारसं काही उरलं नव्हतं. हाड, स्नायूबंध, कूर्चा ही सगळी ताणानंतरच्या विसाव्यात बळकट होतात, प्रत्यक्ष धावताना नव्हे. मारुती आडवा आहे ते त्या अर्थी बरोबरच.

मामा : अन् धावता धावता मरतात ते? मोबाइलवर येते ना, जिममधी पडला, मैदानात पडला.

भाची : मरतात. जिम फिक्स नावाचा अमेरिकन लेखक होता. 1977 च्या त्याच्या पुस्तकाने अख्ख्या अमेरिकेला धावायला लावलं. 1984 साली धावतानाच गेला, वय 52. लोक म्हणाले, बघा. पण त्याच्या वडिलांना पस्तिशीत हृदयाचा झटका आला होता, त्रेचाळीसाव्या वर्षी ते वारले. फिक्स स्वतः आधी जाडजूड होता, सिगारेटी ओढायचा. धावतो म्हणजे आपल्याला काही होत नाही, हाही गैरसमजच. छातीत दडपण येतं, घरात लवकर गेलेलं कोणी आहे, साखर आहे, अशांनी आधी तपासून घ्यावं आणि चालण्यापासून सुरू करावं. तुम्हाला मी धावा म्हटलेलंच नाही. जेवलात की पंधरा मिनिटं चाला. चालणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. आणि ती पुडी आहे ना हातात, ती टाका. धावण्याने मरण येतं म्हणता आणि खर्रा घोटता!

मामा : खर्ऱ्याचं मधी आनू नको. चालाचं किती? पोट्ट्यानं घड्याळ देलं, ते म्हनते दहा हजार पावलं.

भाची : तो आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियोच्या ऑलिम्पिकनंतर 1965 साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या जाहिरातीतला तो आकडा. 2019 साली म्हाताऱ्या बायकांवर अभ्यास झाला. रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांचं मरणाचं प्रमाण बरंच कमी दिसलं. साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक नाही. दहा हजार झाली नाहीत म्हणून घड्याळ काढून ठेवू नका.

एवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. मामांसाठी बिनसाखरेचा, आणि सोबत ग्लासभर संत्र्याचा रस, ‘घरचाच आहे’ म्हणून. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात, चोथा फेकला जातो आणि साखर तेवढी पोटात जाते. त्यापेक्षा फळ सोलून खा, एका बैठकीत चार कोण खातं, असं भाची म्हणाली. “मी खातो,” मामा म्हणाले. बागायतदाराला हा युक्तिवाद लागू पडत नाही.

मामी : पोरीच्या जातीनं येवढं धावू नये म्हनतात. पिशवी सरकते.

भाची : कोण म्हणतं, मामी? 1928 च्या ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा 800 मीटर धावल्या. शेवटी काही जणी धापा टाकत मैदानावर बसल्या, तर वर्तमानपत्रांनी बाई कोसळली, बाईला झेपत नाही, असा गहजब केला. ती शर्यतच काढून टाकली. 1960 ला परत आली. पुरुष धापा टाकतात तेव्हा कोणी शर्यत बंद करत नाही. पिशवी काही टांगलेली वस्तू नाही धावल्याने सुटायला. आणि आज मध्य प्रदेश पोलिसात शिपाई व्हायचं तर मुलीला तेच 800 मीटर 4 मिनिटांच्या आत धावावं लागतं. ती काय घरात बसून धावणार?

मामी : मंग धावन कुठं? पाच वाजता अंधार रायते. कुत्रे. ट्रकवाले. परवा शेजारची पोट्टी रस्त्यानं धावत होती तं दोन पोट्टे गाडी हळू करून मागं मागं.

मामा : हे बोल आता. याचा अभ्यास झाला का कुठं?

भाची बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ती स्वतः धावते तेव्हा भाऊ मोटरसायकल घेऊन मागे असतो. भावाला सकाळची पाळी असली की धावणं बंद.

गुडघ्यांचे एक्स-रे आणि लंडनचे जिने एका बाजूला, आणि मामींचा हा प्रश्न एका बाजूला. मला तो जास्त वजनदार वाटला. आपल्याकडे बाई व्यायाम करत नाही याचं कारण आळस किंवा अज्ञान असं आपण सहज लिहून मोकळे होतो. आधी तिला जागा दाखवा. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. जिल्ह्याला कार्यालयं हवीत तशी पहाटे पाय मोकळे करायला उजेडाची जागाही हवी. त्यासाठी स्टेडियम बांधायला नको. गावोगाव शाळा-कॉलेजांची मैदानं आहेतच. ज्यांच्या ताब्यात ती आहेत त्यांना विनंती आहे. पहाटे 5 ते 7 फाटकाचं कुलूप काढा, खांबावरचा एक दिवा चालू ठेवा आणि आठवड्यातले निदान तीन दिवस ते मैदान फक्त मुली आणि बायकांसाठी ठेवा.